माझ्या नळीतला तुडतुडा

"ती नको, ती हिची आहे." असं म्हणून सरांनी पुण्याहून आलेल्या प्राध्यापकांच्या हातातली माझी नळी काढून घेतली आणि गवतात टाकली.

मलकापूरच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, आम्ही तुडतुडे गोळा करत होतो. तांदळाच्या दाण्याहून बारीक किडा. चाहूल लागली की तिरका पळतो, न्हायतर उडी मारून पसार. पिकावरच्या तुडतुड्यांचा सगळे अभ्यास करतात. सड्याच्या गवतातल्या या जातीकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. जाळीत किडा आला की नळीचं एक टोक त्याच्यावर धरायचं, दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढायचं. किडा मधल्या बाटलीत पडतो.

सकाळपासून सरांनी बरोबरच्या दोघा विद्यार्थ्यांच्या नळ्या तोंडाला लावल्या होत्या. पुसल्यासुद्धा नव्हत्या. माझी आई आमच्याच कॉलेजात संडास धुते. हे सरांना ठाऊक.

मी काय केलं? हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले. नळी उचलून ओढणीला पुसली. जणू चूक माझीच.

दुपारी माझ्या नळीत एक काळपट तुडतुडा आला. सरांनी भिंग लावलं नि चेहराच बदलला. हा वेगळा आहे म्हणाले. माझ्या हातातली बाटली घेतली, छातीशी धरून खाली उतरले. नळी चालत नव्हती, त्यातून आलेला किडा चालला. सगळ्या वाटेनं माझं डोकं तापलेलं.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "गप बस. आधी शिकून घे." मला तिचाच राग आला. मग रडू आलं.

पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्या लिहायच्या होत्या. किडा टाचणीवर लावतात, त्याखाली चिठ्ठी असते. गाव, तारीख, गवत, आणि किडा कुणी पकडला त्याचं नाव. दोन वर्षं मी पकडलेल्या किड्यांखाली सरांचं नाव लिहीत आले होते, त्यांच्याच सांगण्यावरनं. त्या दिवशी हात चालेना. माझं नाव लिहिलं. एरवी कुठंही नाव लिहिताना मी आडनाव गाळायची, नुसतं पहिलं अक्षर लावायची. या खेपेला अख्खं लिहिलं.

सरांनी वाचलं. "काढ ते. तुझी पीएचडी माझ्या सहीवर आहे."

"न्हाय काढत. पकडलाय मी."

त्यांनी चिठ्ठी उपसून फाडली. मी दुसरी कापली, लिहिली, लावली.

आता गाईड बदलून मागितलाय. अर्जात नळीचंही लिहिलंय. सड्यावरच्या त्या दोघा विद्यार्थ्यांना साक्षीदार केलंय, तर ते माझ्याशी बोलत न्हाईत. आई घाबरलीय, तिच्या कामावर येईल म्हणून. मीही घाबरलेय.

पण अर्ज मागं घेणार न्हाई. सड्यावर मी पुन्हा जाणार. मी पकडलेल्या किड्याखाली माझंच नाव लागंल, आडनावासकट. ज्याला ते चालत न्हाई, त्यानं माझ्या किड्याला हात लावू नये.