हातभर मावळतीकडे

ट्रॅव्हर्स कधीच पूर्ण मिटत नाही. नांदेडला शिकायला होते तेव्हा सरांनी हे पहिल्याच तासाला सांगितलं आणि मी मनात म्हटलं, यांना नीट मोजता येत नसेल. तेव्हा माझा स्वतःवर फारच विश्वास होता. पुढे लातूरला मोजणीचा धंदा सुरू केला, ऊन खाल्लं, चिखल तुडवला, आणि सरांचं म्हणणं खरं निघालं.

ट्रॅव्हर्स म्हणजे काही जगावेगळी गोष्ट नाही. वावराच्या एका कोपऱ्यात खूण करून तिथे यंत्र लावायचं, तिथून दुसऱ्या खुणेचं अंतर आणि कोन घ्यायचा, मग यंत्र उचलून त्या दुसऱ्या खुणेवर जायचं, तिथून तिसरी. असा वावराला वळसा घालून निघालो त्या जागी परत यायचं. पायांनी आपण बरोबर त्याच खुणेवर येतो. कागदावर मात्र येत नाही. आकडे मांडले की शेवटचा बिंदू पहिल्याच्या जरा अलीकडे नाहीतर पलीकडे पडतो. वाऱ्याने काठी हललेली असते, उन्हात हवा थरथरलेली असते, आपलाच डोळा थकलेला असतो. ही चूक कुणा एकाची नसते, म्हणून ती सगळ्या रेघांना वाटून द्यायची. लांब रेघेला जास्त वाटा, आखूड रेघेला कमी. वाटून झाली की आकृती मिटते आणि कुणालाच फारसं काही लागत नाही.

आता हे वाटप संगणक करतो. एक बटण दाबलं की झालं. मला त्या बटणाचा राग आहे. ते चुकीला विचारत नाही की बाई, तू कोण, कुठून आलीस. सरसकट वाटून मोकळं होतं. म्हणून मी आधी हाताने आकडेमोड करते आणि मगच संगणकाला हात लावते. घरी यावरून माझी भरपूर थट्टा होते. होऊ दे.

रेणापूरकडच्या एका गावातलं काम आलं होतं. वडील वारलेले, मागे एक भाऊ आणि त्याच्याहून लहान बहीण. बहीण भोकरकडे दिलेली. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बहिणीला तालुक्याच्या गावी बोलावतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात, येताना साडी घेतात आणि माहेर चालू राहतं. या बहिणीने मात्र सांगितलं, सही करणार नाही, माझा वाटा मोजून द्या. लग्नाआधी ती वडिलांबरोबर त्याच रानात राबली होती. भाऊ महिनाभर बोलला नाही, मग कबूल झाला. सरकारी मोजणी पुढे व्हायचीच होती, पण त्याआधी घरातल्या घरात रेघ ठरवून घ्यावी म्हणून मला बोलावलं.

भाऊ तसा वाईट माणूस नव्हता. मला बाज टाकून द्यायचा, चहाला आग्रह करायचा, माझ्या माणसांना शेतातला हरभरा सोलून द्यायचा. पण बहिणीचा विषय निघाला की चेहरा आवळायचा. म्हणायचा, "देयाचाच हाय वाटा, न्हाई कोन म्हनतंय? पन मोजून देयाचा. गुंठाबी हिकडं न्हाई, तिकडं न्हाई." त्याची बायको मागे उभी राहून मान हलवायची.

मी ऐकून घ्यायचे. औशाकडच्या आमच्या जमिनीवर मीही सही करून आले आहे. माझे भाऊ चांगले आहेत, मायाळू आहेत. कागद आधीच तयार होता, चहा झाला, सही झाली, गप्पा झाल्या. मला जमीन नकोच होती. फक्त हवी का असं कुणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. अजूनही वाटतं.

असो. त्या रानात मी खुणांना दगड वापरले होते. आमच्या भागात लोखंडाची खुंटी ठोकली तर ती भंगारात जाते आणि लाकडाची ठोकली तर चुलीत. म्हणून वीतभर लांबीचे दगड घ्यायचे, छिन्नीने वर फुली कोरायची आणि मातीत बसवायचे. त्यातला एक दगड मधल्या बांधावर, इथल्या बोलीत धुऱ्यावर, होता. त्याच दगडापासून बहिणीच्या वाट्याची रेघ निघणार होती. मावळतीकडचं रान तिचं, उगवतीकडचं भावाचं.

अर्धं काम झालं आणि येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आली. येळवशीच्या दिवशी लातुरात काम करायचं नाव काढू नये. शहरात शुकशुकाट असतो, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, उभी करायची, तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, उंडे. रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. मीही दुसऱ्या कुणाच्या तरी रानात पोट फुटेस्तोवर जेवले. या घरची बहीणही त्या दिवशी भोकरहून आली होती. वाटणीचं ठरल्यावर पहिल्यांदाच आली होती.

येळवस झाल्यावर मी उरलेलं काम हाती घेतलं. बांधावरच्या दगडावर यंत्र लावायला गेले तेव्हा फुलीच्या खाचेत पांढरं काहीतरी बसलं होतं. मी नखाने खरवडलं आणि यंत्र लावलं. मागच्या खुणेचं अंतर परत घेऊन पाहिलं, ते जुळलं. मग निर्धास्त होऊन पुढचे कोन घेत वळसा पूर्ण केला.

घरी येऊन आकडे मांडले तर ट्रॅव्हर्स मिटेना. आणि थोडाथोडका नाही, चांगलाच उघडा. वारा, ऊन, थकलेला डोळा यांच्या खात्यावर घालावी अशी ती चूक नव्हती. मी दोनदा तपासलं, बेरजा तपासल्या, स्वतःला शिव्या घातल्या. शेवटी त्या गावी गेले आणि अंगणात बसून भावाला विचारलं, "येळवशीला माझ्या दगडांना कुणी हात लावला का?"

तो म्हणाला, "न्हाई बा. आपल्या रानात कोन हात लावतंय?"

बायको दारातून म्हणाली, "ताई लावत व्हत्या की. सांजच्याला समदे गाडीत बसून राहिले तर ह्या धुऱ्यावर वाकून दगड बसवत व्हत्या. म्या बगितलं."

भावाने माझ्यासमोरच फोन लावला. मोबाइलचा आवाज मोठाच होता, मला सगळं ऐकू येत होतं. "बांधाचा दगड सरकवलास व्हय? येळवशीचं जेवून आमच्याच रानात चोरी? मागून घेतलं असतंस तर दिलं असतं की थोडं." मग ती फक्त "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

तो माझ्याकडे वळला. "बगितलं का मॅडम? न्हाई म्हनलीबी न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमी ती चूक वाटून टाका. तुमच्यात वाटतात म्हनं. थोडी थोडी समद्यात टाका, गावात बोभाटा नको. पन आता ह्या घराची पायरी तिला न्हाई."

मला राग आला. तो त्या एका भावावरचाच होता असं नाही. मी म्हटलं, "बारीकसारीक चूक वाटायची असते, कारण ती कुणाचीच नसते. एवढी मोठी कुणाची तरी असते. ती वाटली तर तुमच्या सगळ्या हद्दी थोड्या थोड्या खोट्या होतील, आणि खरं काय झालं ते कधीच कळणार नाही." तो म्हणाला, "कळलं की आता." मी चहा न पिताच उठले. नंतर वाटलं, चहा घ्यायला हवा होता, चहाने काय केलं होतं.

एवढी मोठी चूक एकाच खुणेत असली तर ती शोधायची एक जुनी रीत आहे. आकडेमोड एका टोकाने करत त्या खुणेपर्यंत यायचं, मग उलट्या दिशेने वळसा घालून दुसऱ्या टोकाने त्याच खुणेपर्यंत यायचं. एका बाजूची मापं येळवशीच्या आधीची होती, दुसऱ्या बाजूची नंतरची. पहिल्या बाजूने आले तेव्हा दगड जिथे मी बसवला होता ती जागा मिळाली. दुसऱ्या बाजूने आले तेव्हा तो आता जिथे आहे ती जागा. मधे हातभर अंतर. दगड मागच्या खुणेकडे किंवा तिच्यापासून दूर न जाता आडवा सरकला होता, म्हणून माझं अंतर जुळलं होतं आणि मी फसले होते.

दिशा पाहिली आणि मी पेन खाली ठेवला. परत मांडून पाहिलं. दगड हातभर मावळतीकडे गेला होता. म्हणजे तिच्याच वाट्यात. ही चोरी असेल तर बाईने स्वतःचीच जमीन चोरली होती.

मी बहिणीला फोन केला, झालं ते सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही या, सगळ्यांसमोर बोलू. ती नको म्हणाली. मग थोड्या वेळाने तिचाच फोन आला, "येऊन राहिले." भोकरहून नांदेड, नांदेडहून लातूर, तिथून रेणापूर, अशा गाड्या बदलत ती आली आणि घरी न जाता थेट रानात आली. पायरीचं बोलणं तिच्या कानावर गेलं असणार. रापलेली, बारीक, पदर खोचलेला. भावाने तिच्याकडे पाहिलं नाही.

मी यंत्र लावून दगडाची आधीची जागा काढली, तिथे काडी रोवली आणि भावाला म्हटलं, "ही आधीची जागा. हा आताचा दगड. बघा कुठं सरकलाय."

त्याने पाहिलं. एकदा काडीकडे, एकदा दगडाकडे. मग उगवतीकडच्या आपल्या रानाकडे. "ह्यो तर तिच्याकडंच गेला," तो म्हणाला.

"चोरायचं असतं तर तुमच्याकडं ढकलला असता ना?"

बायको हळूच म्हणाली, "पन बसवला तर ह्यांनीच. म्या बगितलं."

"बसवला मीच," बहीण म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "सकाळच्याला तुमी पाच दगड आनून देले, दादा. पांडव मांड म्हनलात. चुना लावून राहिले तर एका दगडाला फुली लागली बोटाला. मला वाटलं, मोजनीचा असंल. कुठून आनला म्हनून तुमाला इचारलं तर तुमी हात केला धुऱ्याकडं. सांजच्याला म्हनलं, पुसून जिथला तिथं ठेवावा. तिथं दगड उपटून चार जागी माती उकरलेली. मला काय ठावं नेमकी कोनती."

मी दगड उपटून भावाच्या हातात दिला. फुलीच्या खाचेत, मी खरवडूनही, चुना होताच. मातीत गेलेल्या अंगालाही चुना होता. तो दगड हातात घेऊन तो बांधावर बसला. त्याला आठवलं असावं. कोप उभारायच्या घाईत, रंगवायला बरा दिसतो म्हणून, त्यानेच तो उचलला होता. त्यात काही पाप नव्हतं. येळवशीला आमच्याकडे कुणीही हेच केलं असतं.

मग तो दगडाकडे बघतच म्हणाला, "मग फोनवर बोलली का न्हाईस? चोर म्हनलो तरी बरं म्हनलीस?"

"तुमी कुठं इचारलं, दादा?" ती म्हणाली. "तुमी तर सांगितलं."

तिचा आवाज चढला नाही. पण तिने पदराने तोंड पुसलं आणि मग डोळे पुसले. ते लपवायचाही तिने प्रयत्न केला नाही. मी यंत्राच्या स्क्रूशी उगाच चाळा करत बसले.

भाऊ उठला. काडीच्या जागी त्याने खड्डा केला, दगड ठेवला. मी भिंगातून बघून सांगत होते, थोडा उगवतीकडं, आता थांबा, फुली सरळ करा. दगड बसला. त्याने दोन्ही हातांनी माती दाबली. मग बहिणीकडे न बघता म्हणाला, "चल घरी. जेवून घे. वैनीनं स्वयंपाक केलाय."

वैनीने स्वयंपाक केला नव्हता हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. ती लगेच घराकडे पळाली.

बहीण हलली नाही. मला म्हणाली, "मॅडम, आधी माझी रेघ वढा. पुरी वढा, पार त्या टोकापस्तोर. मग मी जेवायला जाईन, माझ्या वावरातून चालत."

मी रेघ आखून दिली. माझ्या माणसाने दोरी धरून चुन्याची फक्की टाकत ती शेवटपर्यंत नेली. भाऊ तोवर उन्हात उभा राहिला, जा म्हटलं तरी गेला नाही. मग ते दोघे घराकडे निघाले. तो रेघेच्या उगवतीकडून चालत होता, ती मावळतीकडून. तिचं पाऊल मागे पडलं की तो थांबत होता.