चांदणी, चूर्ण आणि डोंगरगढचा धुमाल

बिथरणाऱ्या घोड्याला वनौषधींचं चूर्ण देऊन शांत करता येतं, असं कोणी सांगितलं तर आधी डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. ती वाचायला मला भिलाईहून डोंगरगढच्या वाटेला लागावं लागलं.

नेहरू नगरचे आमचे शेजारी विठ्ठलभाऊ स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झाले आणि वरातींसाठी त्यांनी घोडी पाळली, चांदणी. मागच्या वरातीत धुमालवाल्यांनी, म्हणजे वरातीपुढच्या ढोलपथकानं, ढोल बडवले, चांदणी उधळली आणि नवरदेव रस्त्यावर. आता वराती मिळवून देणाऱ्या बँडवाल्याची ताकीद होती: डोंगरगढच्या वरातीत पुन्हा असं झालं तर दुसरी घोडी. मग चांदणी विकण्यावाचून इलाज नव्हता. भाऊंनी दोन दिवस धड जेवण केलं नव्हतं, म्हणून मी सोबत निघाले.

सकाळी सातला तिला पिकअपमध्ये चढवलं. घोडा न्यायचा असेल तर खाली भरपूर पेंढा अंथरा, पाय घसरत नाहीत. शिवनाथ नदीचा पूल ओलांडून राजनांदगावला थांबलो. तिथली गरम मुंगोडी, म्हणजे मुगाची भजी, चुकवू नका. मी दुसरी प्लेट घेऊन आले तर भाऊ गुळात अर्धा डबा चूर्ण मळत होते.

"हे काय करून राहिले भाऊ?"

"तीन हप्ते द्यायचं राहून गेलं ना ताई. सुटलेली पाळी डबल ड्यूटी करून भरत नव्हतो का आपण?"

उभं आयुष्य प्लांटच्या प्रयोगशाळेत काढलेल्या बाईसमोर हे बोलायची हिंमत! डब्यावर अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी आणि स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं: रोज दोन चमचे, किमान तीन आठवडे.

"घोडीच्या पोटाले ओव्हरटाइम समजत नाही," मी म्हटलं. गुळाचा गोळा गटारात टाकला आणि डबा माझ्या पर्समध्ये.

"आता उधळली तर?"

"तर माझं नाव सांगा."

तुमडीबोडच्या फाट्याला उजवीकडे वळेपर्यंत भाऊ माझ्या पर्सकडेच बघत होते.

वरात दुपारी चारची होती. दहालाच पोचलो, म्हणून धुमालच्या म्होरक्याला गाठलं. "भैया, पहले दूर से बजाओ. धीरे."

"आंटी, घोड़ी के लिए रिहर्सल?"

"दूल्हे की हड्डी के लिए."

तो हसला, पण ढोल घेऊन आला. मैदानाच्या पार टोकाहून एक थाप, चांदणीच्या तोंडात मूठभर भिजवलेले चणे. दहा पावलं पुढे, पुन्हा थाप, पुन्हा चणे. कान टवकारले की तो मागे सरकायचा. दीड वाजता ढोल तिच्या शेजारी वाजत होता आणि ती माझा पदर हुंगत होती.

वरात मांडवाच्या दारात पोचली, नाच रंगला, सगळे ढोल एकदम कडाडले. चांदणीनं एक खूर आपटला. पण ती जागची हलली नाही. बँडवाला पुढच्या महिन्यातल्या वरातीची तारीख सांगून गेला तेव्हा भाऊंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

परतताना ते ड्रायव्हरला सांगत होते, "चूर्णाची कमाल आहे भाऊ." एक चिमूटही पोटात गेली नव्हती. मी गप्प बसले, असं समजू नका.

चूर्ण निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आता रोज दोन चमचे चालू आहे, तीन आठवड्यांनी काय ते दिसेल. तोवर रोज सकाळी मी गल्लीच्या टोकाला उभी राहून स्टीलचं ताट बडवते आणि भाऊ चणे भरवतात. शेजारी तक्रार करतात. त्यांनाही चणे देऊन पाहणार आहे.