साक्षीत न सांगितलेली गोळी

"तुम्हाला एपिलेप्सी आहे," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला लागले. एपिलेप्सी म्हणजे मिरगी, आपल्याकडं ज्याला फेफरं म्हणतात ते. मी म्हटलं, "मला कसं काय असेल? मी चर्चमध्ये मुलांना शिकवते." त्यांनी मान वर केली. "मग?" एवढंच विचारलं. बरोबरच होतं त्यांचं.

मी शहराच्या छावणी भागात ब्लाउज शिवते आणि वीस वर्षं रविवारी मुलांचा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग घेते. पहिला झटका मशीनवर आला, तेव्हा घरात फक्त नवरा होता. दुसरा भर उपासनेत, गीत चालू असताना. जीभ चावली गेली, साडी ओली झाली. ज्यांना हे होतं त्यांना ठाऊक असेल, झटक्यापेक्षा शुद्धीवर आल्यावर दिसणारे चेहरे नकोसे होतात.

मग तपासण्या. ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात. त्यात दुखत नाही. एमआरआयच्या नळीत मात्र जीव घुसमटला. रिपोर्टसाठी मी आणि नवरा तीन तास बाकड्यावर बसलो. न धुतलेल्या भाजीतून वगैरे पोटात गेलेल्या जंताची गाठ मेंदूत झाली होती, तिचा जुना व्रण निघाला. "गोळी सकाळ-संध्याकाळ," डॉक्टर म्हणाले. "चुकवायची नाही आणि मनानं बंद तर अजिबात करायची नाही."

चर्चच्या मंडळीनं माझ्यासाठी लई केलं, ते मी विसरणार नाही. बायकांनी उपवास धरले, आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. चार महिने झटका आला नाही, तेव्हा त्यांनी मला साक्षीला उभं केलं. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं. मी सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, "आणि गोळ्या?"

सगळं चर्च माझ्याकडं बघत होतं. मी म्हणाले, "बंद केल्या." टाळ्या पडल्या, हालेलुया झालं, दोघी-तिघी रडल्या.

त्या दिवसापासून मी अडकले ती अडकलेच. गंगापूरला बोलावणं, पैठणला बोलावणं, दर ठिकाणी तीच साक्ष. गोळी न्हाणीघरात नळ सोडून घ्यायची. नवरा म्हणायचा, "सांगून टाक की एकदाचं." मी त्याच्यावरच खेकसायची. आता सांगितलं तर बायकांचे उपवास खोटे ठरतील, असं मी स्वतःला पटवलं होतं. खरं तर मला माझी अब्रू प्यारी होती.

आणि वर्गात काय शिकवत होते? दाविदानं दुसऱ्याची बायको घरात घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला धाडलं आणि वर राजा म्हणून मिरवला. प्रभूचा शिष्य पेत्र, त्यानं तर प्रभूला ओळखतच नाही म्हणून तीनदा सांगितलं. हे मी रंगवून रंगवून सांगायची. दुसऱ्याचं पाप सांगायला मला कधी तयारी करावी लागली नाही.

गंगापूरच्या सभेनंतर सरला नावाची बाई भेटायला आली. तिच्या एस्तेरला लहानपणापासून हाच आजार. पोरगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. सरला म्हणाली, "ताई, तुमची साक्ष ऐकली अन् हिच्या गोळ्या बंद केल्या बघा. आठ दिवस झाले."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी एस्तेरच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि घरी आले.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. एस्तेर शहरातल्या दवाखान्यात, आयसीयूत होती. स्टेटस एपिलेप्टिकस, म्हणजे झटका थांबतच नाही, एकातून दुसरा सुरू होतो. मी पोचले तर सरला बाहेर भिंतीला टेकून बसलेली. मला बघून म्हणाली, "आल्या बाई तुम्ही. आता काळजी नाय."

तीन दिवस मी त्या वेटिंग रूममध्ये तिच्याशेजारी बसले, तिच्या डब्यातलं जेवले आणि तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी पोरगी शुद्धीवर आली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "गोळ्या परत सुरू केल्यात आणि आता त्या थांबवायच्या नाहीत. पुन्हा असं झालं तर वाचेलच असं नाही." सरला मान हलवायला लागली. "घरी नेल्यावर नाय देणार साहेब. आमचा विश्वास कमी पडला, म्हणून झालं हे. ताई, सांगा ना यांना. तुमच्या सुटल्या नाय का?"

माझी सकाळची गोळी राहिली होती. मी पर्समधून पट्टी काढली, तिच्याच बाटलीतलं पाणी घेतलं आणि तिच्यासमोर गिळली. "एक दिवससुद्धा बंद केली नव्हती सरला. मी खोटं बोलले."

तिनं माझ्या हातातली पट्टी घेऊन उलटून पाहिली. मग म्हणाली, "अन् तरी तवा माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठिवला ना तुम्ही?"

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये तेच सांगितलं. कुणी हालेलुया म्हटलं नाही. काहींनी बोलणं सोडलं. पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थनाही देवाची, गोळीही देवाचीच. हे मी त्या दिवशीच बोलायला पाहिजे होतं." ज्यांना हा आजार आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, प्रार्थना करा आणि गोळीही घ्या. आणि घेता, ते लपवू नका. तुम्हाला बघून कुणीतरी आपली बंद करत असेल.

एस्तेर वाचली, याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. बोलताना ती अजून शब्द शोधते. डिस्चार्जच्या दिवशी सरला म्हणाली, "मी तुमच्याशी बोलणार नाय. पण पोरीनं गोळी घेतली की मिस्ड कॉल दीन. तुमची घेतली की तुम्हीबी द्यायचा. तुमच्या तोंडाचा आता भरवसा नाय."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तिचा मिस्ड कॉल येतो. मी माझी गोळी घेते आणि परत देते.