हेंकनं ताटं आधीच बांधली

बाकावर रोज तीन म्हातारे बसले की किस्से साठतातच. कोरोनात तर दुसरा उद्योगच नव्हता. मी कऱ्हाडचा, चौथी शिकलेला. दोन महिन्यांसाठी लेकीकडे हॉलंडात, हूफडॉर्प गावी आलो आणि विमानं बंद पडली. बायको तिकडे एकटी, मी इकडे जावयाच्या घरात पाय आपटत. लेक म्हणाली, "अप्पा, जरा बागेत जाऊन भांडा." गेलो. तिथे हे दोघे भेटले म्हणून डोकं ठिकाणावर राहिलं.

*

एक हेंक, डच, जुना फौजी. दुसरा रामदीन, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचा. त्याचे पणजोबा बिहारकडून तिकडे उसाच्या मळ्यात राबायला गेलेले, त्यामुळे आमचं हिंदीत जमायचं. हेंकचं बोलणं तोच मला सांगायचा. हेंक काठीनं दीड मीटर मोजून बसायचा. एकदा मी शिंकलो. त्यानं काठी उचलली आणि पुन्हा मोजलं.

*

सुरिनाम डचांच्या ताब्यात होतं तेव्हा हेंक तिथल्या छावणीत होता. देश स्वतंत्र होणार, डचांनी निघायचं ठरलं. फौजेनं काय न्यायचं, काय ठेवायचं, सगळी आखणी हेंककडे. साहेबानं विचारलं, "आंब्याखालचं बाकडं कुणाचं?"

हेंक म्हणाला, "बाकडं आपलं, सावली त्यांची."

बाकडं खरंच नेलं. रामदीन तिथे हमाल होता. म्हणतो, "आम्ही खाली बसलो. सावली चांगली होती."

*

डच माणसाची तयारी फार आधीपासून. हेंकनं ताटं-वाडगे पेट्यांत घालून, खिळे ठोकून जहाजावर चढवले. फौज निघायला अजून आठवडा होता. अख्खी छावणी जेवायला उभी आणि ताट एकही नाही. हेंकची नोकरी जायची वेळ. रामदीनची आई शेजारीच राहायची. तिनं परसातली केळीची पानं कापून दिली.

मी विचारलं, "पहिल्या दिवशी जेवायला काय होतं?"

हेंक खाली बघत म्हणाला, "सूप."

*

विमानं सुरू झाली. बायको फोनवर म्हणाली, "येताय, की दार लावून घेऊ?" लेक दिवसभर घरून मीटिंगा करत होती, बॅग कोण भरणार? हेंक म्हणाला, "मी भरतो."

रामदीन हळूच म्हणाला, "भइया, सोच लो."

हेंकनं आठवडाभर आधीच लेकीच्या घरामागच्या शेडमध्ये बॅग भरली. वरून चिकटपट्टी अशी गुंडाळली की मुंगी शिरायची नाही. निघायच्या दिवशी बॅग गाडीत, आणि मी बाकापाशी निरोप घ्यायला उभा. पायात सपाता. बूट बॅगेत, सगळ्यात खाली. गारठा मरणाचा. जावई हॉर्न वाजवतोय. हेंक काठीकडे बघत बसला.

रामदीननं वाकून आपले बूट सोडले, बाकाच्या मधोमध ठेवले आणि दीड मीटर मागे सरकला.

"आणि तू कसा जाणार रे?"

"हमार घर सामने है."

त्याचं घर कालव्यापलीकडे. मी गाडीतून मागे वळून पाहिलं. हेंकची काठी बाकावरच पडली होती, आणि ओल्या रस्त्यावरून मोज्यांनी चाललेल्या रामदीनला त्यानं दंडाला धरलं होतं.