टेकवायचं नाही

छावणीतल्या त्या जिमच्या ट्रेनरवर माझा अजून राग आहे. माझी चूक त्यानं चारचौघांत दाखवली, आणि ती खरी निघाली.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मी हमालीपासून सुरुवात केली. आज स्वतःचं धान्याचं दुकान आहे. पोट सुटलं म्हणून जिम लावली आणि हमालीतल्या माझ्या जोडीदारालाही ओढत नेलं. तो अजून मोंढ्यात पोतीच उचलत होता.

डेडलिफ्ट म्हणजे वजन लावलेली लोखंडी दांडी जमिनीवरून उचलून सरळ उभं राहायचं. आम्ही हसलो. हे काय शिकायचं? ट्रेनर म्हणाला, "चाळीस किलोपासून." मी म्हणालो, "शंभर." घासाघीस करून ऐंशीवर आणलं. वजनाचाही भाव पटवला म्हणून खूश होतो.

मी दांडीला हात घातला तसा ट्रेनर म्हणाला, "शेठ, पाठ गोल होतेय. दांडी नडगीला चिकटवा, पोटात श्वास भरा. झटका नको, पायांनी जमीन ढकला."

"तुझं वय नाही तेवढी वर्षं पोती उचललीत मी!" मी खेकसलो. पोतं मऊ असतं, झटका दिला की अंगावर येतं. दांडी येत नाही. एवढं मला कळायला हवं होतं.

मग जोडीदाराची पाळी. दांडी गुडघ्यापर्यंत आली आणि त्याची पाठ वाकली.

"छोड दो चाचा! खाली ठेवा!" ट्रेनर ओरडला.

जोडीदारानं माझ्याकडं पाहिलं. मोंढ्यात अर्ध्यावर पोतं टेकवणाऱ्याला सगळ्यांना चहा पाजावा लागायचा, वर दिवसभर टिंगल. आमच्यावर ती पाळी कधीच आली नव्हती. मी ओरडलो, "टेकवू नको गड्या!"

त्यानं टेकवलं नाही. दांडी वर गेली आणि तो तिथंच खाली बसला. मणक्यातली गादी सरकली होती. ओझं कायमचं बंद झालं. मी मात्र त्या दिवशी ट्रेनरलाच शिव्या घातल्या.

दोन महिन्यांनी मी गुपचूप परत गेलो. चाळीसवर, भाव न करता. पाठ गोल होऊ लागली की दांडी खाली ठेवायची, हेच शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

जोडीदार आता देवगाव रंगारीला, गावीच असतो. परवा गेलो तर दारात ज्वारीचं पोतं पडलेलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढं आत घ्या."

पोतं अंगाशी घेतलं, श्वास भरला, उचललं. अर्ध्यावर पाठ वाकतेय असं वाटलं. टेकवलं.

बाजेवरून तो हसला. "टेकवलंस व्हय? आता चहा तुझ्याकडं!"

"व्हय, माझ्याकडं. चल हाटेलात."

"इथंच आण," तो म्हणाला. "मला नाय चालवत तितकं."

वहिनींकडून किटली घेतली आणि मी एकटाच निघालो.