घोडीपुढे रिकाम्या हातानं

दापोऱ्याला आमच्या शेतात गेलं की आबा, म्हणजे माझे वडील, खाटेवरून पहिला प्रश्न विचारतात, "काय काम काढलं वं बाई?" मी बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यात राहते, राजपुऱ्यातल्या शाळेत गणित शिकवते. स्कूटीवर बसले की थोड्याच वेळात माहेरच्या शेतात. तरी हा प्रश्न ठरलेला. काम असतंच म्हणा. कधी गहू न्यायचे असतात, कधी केळी, कधी कुणाच्या लग्नाची पत्रिका द्यायची असते. पण म्हणून पोटच्या पोरीला असं विचारायचं? माझं डोकं फिरतं. मग मी मावा-जलेबीचा पुडा त्यांच्या हातात ठेवते आणि वहिनीकडे निघून जाते.

एका दिवाळीच्या सुट्टीत मात्र काम फार वाईट निघालं. वहिनीचा सकाळीच फोन आला. "आक्का, घोडीच्या पायाले तार लागली. हाती येत नही ती कोणाच्याच. आबा जेवायलेही उठत नही."

घोडी आबांची. शेती सगळी भाऊ बघतो, केळी, कापूस, मजूर, सगळं. आबांकडे उरली ती ही एक पांढरी घोडी. गावात लग्न असलं की नवरदेव तिच्यावर बसतो आणि आबा फेटा बांधून लगाम धरून पुढे चालतात. वरात निघण्याआधी नवरदेवाच्या बहिणी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ भरवतात, तो रिवाज आमच्याकडेही आहे. आबांनी तो रोजचा करून टाकला. घोडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यापुढे रिकाम्या हातानं जायचं नाही, हा घरचा कायदा. ताटात डाळ, गूळ, कडेला कुंकू. डाव्या हातात ताट आणि उजव्या हातात, पाठीमागे लपवलेली, दोरी.

तिनं तोंड घातलं की दोरी गळ्यात. मग झूल, मग बँड, मग तो कानठळ्या बसवणारा डीजे आणि पायाशी फटाके. असं बरीच वर्षं चाललं. आधी ती डाळीसाठी धावत यायची. मग थबकायला लागली. मग ताट दिसलं की शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. घरच्यांनी यावर उपाय काय काढला, तर गूळ वाढवला.

मी पोचले तेव्हा जनावरांचे डॉक्टर आलेले होते. भावानं रानडुकरांसाठी केळीच्या बागेला काटेरी तार लावली होती, तीत घोडीचा पुढचा डावा पाय अडकून खुराच्या वर फाटला होता. कातडी लोंबत होती. भाऊ आणि शेजारचे दोघे तिला हाकत हाकत गोठ्याच्या आवारात घेऊन आले आणि फाटक लावलं. एकानं दोर टाकला. दोर मानेला लागला मात्र, ती मागच्या पायांवर उभी राहिली, भिंतीवर आदळली, पुन्हा उठली. मी फाटकाबाहेर होते, तरी दोन पावलं मागे सरकले. डॉक्टरांनी कसंबसं धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं. तेवढ्यात तिची लाथ भावाच्या बरगडीत बसली आणि तो खाली बसला तो उठेचना. मग कुणीतरी फाटक उघडलं आणि ती रक्त सांडत निघून गेली.

डॉक्टर हात धुताना माझ्याशी बोलले. मी मास्तरीण आहे हे वहिनीनं त्यांना सांगितलं असावं. "मॅडम, ये रस्सीवाला काम मैं दोबारा नहीं करूंगा. जखम रोज धुवावी लागेल, नाहीतर किडे पडतील. पण ती गुपचूप उभी राहिली तर. आज भावाची बरगडी गेली, उद्या हिचा पाय मोडेल. घोड्याचा पाय मोडला की माझ्याकडे एकच इंजेक्शन उरतं." शनिवारी परत येतो म्हणाले. तोवर हिला हाताशी आणा.

आबा खाटेवर बसून हे सगळं ऐकत होते. उठले, घरात गेले आणि वहिनीला डाळ भिजत घालायला सांगितली.

भाऊ पट्टा बांधून पलंगावर. वहिनी त्याच्यापाशी. आबांना पळवत नाही. उरले मी. दुसऱ्या दिवशी मी ताट घेऊन, घोडी पळून गेली होती त्या शेताच्या मोकळ्या तुकड्यात शिरले. तिथली केळी काढून झाली होती आणि पलीकडे तापीचा काठ. घोडीनं ताट पाहिलं आणि लंगडत पळाली. मी पुढे, ती आणखी पुढे. दर वेळी पळताना पायाची जखम उघडायची. बांधावरून आबा ओरडत होते, "ताट पुढं कर! ताट पुढं कर!" शेवटी मी ताट फेकून दिलं. डाळ मातीत सांडली.

"लक्ष्मीचं ताट फेकलं तू," आबा म्हणाले.

"तुमच्या लक्ष्मीले तुमचं ताट नको आबा, दिसत नही का तुमाले?"

ते पाठ फिरवून घराकडे निघून गेले. मला रडू येत होतं आणि रडायचाही राग येत होता. केळीचं एक रिकामं कॅरेट उलटं पडलं होतं, त्यावर घोडीकडे पाठ करून बसले. मर, म्हटलं. मला नाही जमत. वर्गात चाळीस पोरं आवरणारी बाई मी, आणि एक घोडी मला नाचवते.

किती वेळ गेला कोण जाणे. मानेवर गरम वारा आला. मग ओला, जाड ओठ केसांत. ती माझ्या मागे उभी होती.

मी अर्थातच झटकन हात वर नेला. अर्थातच ती पळाली. पण आता माझ्या लक्षात आलं होतं. ज्या घोडीच्या मागे सगळं घर धावून दमलं, ती, कुणाला काही नको असेल तर, आपण होऊन येत होती. तिला आमची भीती नव्हती. डाळीच्या ताटामागे दोरी लपवणाऱ्या हाताची होती.

त्यानंतर मी तुकड्यात शिरताना दोन्ही हात मोकळे सोडून शिरायचे. दोरी खांद्यावर, तिला दिसेल अशी. ती कान टवकारायची, मी थांबायचे. ती निघायच्या आधी मीच वळून चालू लागायचे. तिला वाटायला हवं होतं की हिचं आपल्याशी काही काम नाही. असं करायला फार चिकाटी लागते आणि ती माझ्यात नाही. जखमेवर माशा घोंघावत होत्या. वारा इकडचा असला की वास यायचा. पाय सुजला होता, ती फक्त खुराचं टोक टेकत होती. आणि मी मात्र तिच्याकडे पाठ करून तापीचं पाणी बघत उभी. आतून माझी आग होत होती. पकड ना एकदाची, असं मन सारखं म्हणायचं. पण पकडायला गेले असते तर पुन्हा ती भिंत, तो दोर, आणि मग डॉक्टरांचं ते इंजेक्शन.

आबांना मी खाटेवरून हलायचं नाही असं बजावलं होतं. ते ऐकत होते, पण तोंड एवढंसं करून. "रिकाम्या हातानं चालली?" रोज विचारायचे. मी तशीच पुढे निघायचे.

शुक्रवारी तिनं मान खाजवू दिली. दोरी मानेवर ठेवली आणि लगेच काढून घेतली, ती उभी राहिली. पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. मग निघून आले. निघून येताना पाय जड झाले होते, कारण तोंडाला दोरीची मोरकी घालता आली असती, नक्की आली असती. पण घातली असती तर ती फक्त त्या दिवसापुरती माझी झाली असती.

शनिवारी सकाळी मी दोरीची मोरकी तिच्या तोंडावर चढवली. तिनं डोळे मिटले. डॉक्टरांची मोटारसायकल बांधाशी थांबली. मी हातानंच खुणावलं, हळू या. सगळं नीट चाललं होतं, आणि तेवढ्यात आबा आले. नवं धोतर नेसलेले, डोळ्यांत पाणी, हातात ताट. डाळ, गूळ, कुंकू. घोडी सापडली म्हणून तिला ओवाळायला आले होते बिचारे.

घोडीनं ताट पाहिलं. तिचं सगळं अंग ताठ झालं आणि दोरी माझ्या तळहातातून सर्रकन निघाली, कातडं सोलत. शेवटची गाठ अजून माझ्या मुठीत होती. धरून ठेवू की सोडू? डॉक्टर "पकडो, पकडो" म्हणत होते. मी सोडली.

ती तारेच्या कुंपणापाशी जाऊन थरथरत उभी राहिली. मागं लोंबती दोरी, पुढं तीच काटेरी तार. एक उडी मारली असती तर संपलं होतं. कुणी हललं नाही. मी आबांकडे पाहिलं. मला वाटतं मी त्यांच्याकडे आयुष्यात कधी तसं पाहिलं नसेल, कारण ते घाबरले. ताट त्यांनी सावकाश जमिनीवर ठेवलं, ते उपरण्यानं झाकलं आणि तिच्याकडे न बघता खाटेकडे परतले.

डॉक्टर म्हणाले, पलीकडच्या गावचं काम उरकून दुपारनंतर येतो. मी पुन्हा कॅरेटवर बसले. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. हाताची आग होत होती. वहिनीनं भाकरी आणली, ती मी तशीच ठेवली. डॉक्टर परतले तेव्हा कुठं घोडी माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती. डॉक्टरांनी लाल औषधानं जखम धुतली, चिमट्यानं किडे काढले. प्रत्येक किड्याला ती शहारायची. मी तिची मान धरून होते आणि तिला कळत होतं की दुखतंय ते माझ्याच हातात असताना.

पट्टी झाली तशी मोरकी काढली आणि तिला सोडून दिलं.

"उद्या?" डॉक्टर म्हणाले. "उद्या पुन्हा धुवावी लागेल. एक दिवस बी सोडून चालणार नाही."

रविवारी ती माझ्याकडे आली नाही. मी पाठ केली, बसले, लांब गेले, सगळं केलं. ती दुरून बघत राहिली, पट्टी बांधलेला पाय उचलून धरून. तिनं माझा हात ओळखला होता. वर ऊन चढत होतं आणि माझ्याजवळचा एकमेव उपाय संपला होता.

आबा केव्हा तुकड्यात आले मला कळलंही नाही. काठी खाटेपाशीच ठेवून आले होते. हात रिकामे. ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं. एकदा मागे नेले, मग पुढे आणले, मग सोडून दिले.

"मंग मी काय करू?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिच्याकडं पाठ करा. काही मागू नका."

"पाठ करू? तिच्याकडं?"

पण त्यांनी केली. नदीकडे तोंड करून उभे राहिले. पाय थरथरत होते, माझा हात मागितला नाही. मी बाजूला सरकले आणि बघत राहिले. घोडीनं मान वर केली. एक पाऊल टाकलं, थांबली. दूर कुठंतरी पंप चालू झाला आणि तिचे कान वळले. आबा हलले नाहीत. मग ती आली, लंगडत, थेट, आणि कपाळ त्यांच्या पाठीवर टेकवून उभी राहिली.

मला राग आला. खरंच सांगते. उन्हात भाजले मी, तळहात सोलले माझे, आणि ही गेली म्हाताऱ्याकडे. आबा मागे न बघता म्हणाले, "आली का वं ती?" मी म्हटलं, आली. मग माझा राग कुठं गेला कळलं नाही.

त्या दिवसापासून रोज आबा पाठ करायचे आणि मी पाय धुवायचे. सुट्टी संपल्यावरही शाळा सुटली की मी येत राहिले. जखम भरली. पाय किंचित वाकडा राहिला. तुळशीच्या लग्नानंतर एका घरून वरातीचा निरोप आला, तर आबांनी हात जोडून नाही म्हणून सांगितलं. पट्टी सुटली तसं माझं काम संपलं.

पुढच्या रविवारी तरी मी स्कूटी काढली. मावा-जलेबीच्या दुकानापाशी सवयीनं ब्रेक दाबला, मग तशीच पुढं निघाले. आबा तुकड्याच्या कडेला खाटेवर, घोडी जवळच चरत होती.

"काय काम काढलं वं बाई?"

"काही नही."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. पिशवी नव्हती, पुडा नव्हता. मग तोंड नदीकडे वळवलं आणि खाटेवर थोडे सरकून बसले.