कूलरचं तोंड

अकोल्याच्या जुन्या शहरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा नागसेन हट्टी होता. हिवाळ्यात त्यानं स्वतःच्या मशीनचा प्रोसेसर नेमलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला, आणि मे लागताच मशीन तापून दर दुपारी बंद पडू लागली. तो रोज वेग थोडा उतरवून, मशीन तग धरते का हे बघायला तासाभराची चाचणी लावी. ती अर्ध्यातच फसे. खोलीतला एकमेव कूलर आजारी वडिलांच्या खाटेकडे असे.

बुधवारी तो बाहेरून आला, तर चाचणी पूर्ण झालेली. खुशीत त्यानं वेगाचा आकडा वहीत लिहिला. मग दिसलं, कूलरचं तोंड मशीनकडे वळलेलं, अन् वडील घामानं निथळत पडलेले.

“बाबा, कूलर काहून फिरवला?”

“तुयी मशीन तापून राह्यली होती,” ते म्हणाले. “मले सवय हाये.”